छत्रीवाला पोस्टमन

एका कंपनीच्या गेमवरून चाहत्यांनी हौसेनं बनवलेले गेम कॉपीराइटचा बडगा दाखवून इंटरनेटवरून उडवायचे, ही बाबांची त्या कंपनीतली नोकरी. घरी मात्र ते ‘गेम बनवतो’ असं ठोकून देत.

आज त्यांनी दोघा भावांचा गेम उडवला. “त्यातला छत्रीवाला पोस्टमन म्हणजे आमचे वारलेले वडील हो,” भाऊ फोनवर गयावया करत होते. बाबांनी नियम ऐकवून फोन ठेवला.

संध्याकाळी लेक कंपनीचा अस्सल गेम खेळत होती.

“बाबा, हा छत्रीवाला पोस्टमन तुम्ही बनवलात? कसला भारी आहे!”

या गेममध्ये पोस्टमन कधीच नव्हता. बाबांना मान वर करवेना. “हो,” ते पुटपुटले.

“तो विचारतोय, बाबा घरी आहेत का.”

“बंद कर ते!”

“अहो, मी ‘आहेत’ म्हणून सांगितलंसुद्धा. बघा, छत्री मिटतोय.”