ॲलर्जीचा रकाना

आईला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेल्याचं कळलं आणि लेक हातातलं काम टाकून निघाली. त्यातल्या त्यात धीर एवढाच, की तिथल्या पेशंट-नोंदणीचा प्रोग्राम तिनेच 'गो' या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला होता. नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, सगळे रकाने एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकाच चौकटीत, नीट बांधलेले. हो-नाहीचा रकाना रिकामा राहिला तर गो स्वतःच 'नाही' धरतं. कोडच्या चार ओळी लिहायच्या वाचल्या म्हणून तेव्हा तिला कोण आनंद झाला होता!

ती धापा टाकत वॉर्डात पोचली, तेव्हा नर्स रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवत होती.

"पेनिसिलिन दिलंय, ताई."

"अहो, तिला ते चालत नाही! ॲलर्जी आहे का, कोणी विचारलं नाही?"


"विचारायचं कशाला? फॉर्म उघडला तेव्हाच तिथे 'नाही' आलेलं होतं."