भिंतीवरचं बटण

खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, हा बाबांचा जन्मभराचा शिरस्ता. काल ड्रायव्हर अपडेट होतानाही त्यांनी लेकीच्या सेकंडहँड सर्व्हरचं बटण बंद केलं होतं, थोडक्यात निभावलं. आज फर्मवेअरची, म्हणजे सर्व्हरच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमची, पाळी होती. मध्येच वीज गेली तर सर्व्हरचा दगड होणार, एवढं त्या नवशिकीलाही कळत होतं. बटणावर चिकटपट्टी लावून ती चहा टाकायला गेली. परतली तर बाबा बटणासमोर स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. “तुझी पट्टी ठीक आहे गं, माझ्या हातांचा भरवसा नाही!” तिला हसू फुटलं. अखेर पडद्यावर ‘अपडेट पूर्ण’ उमटलं, सर्व्हरचे कोकलणारे पंखे शांत झाले. तिने तो रीतसर बंद केला, चिकटपट्टी सोलून काढली. “बाबा, आता करा बंद.” बाबांचा हात बटणापाशी जाऊन थबकला. “नक्की ना?”