कोणतंही एक

स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ उमटली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

काल संध्याकाळपर्यंत डेटाबेसमधून माहिती काढायची हीच क्वेरी मुकाट्याने चालत होती. रुग्णवाहिका सेवेचा डेटाबेस ती सांभाळायची. कोणत्या केंद्राची गाडी पेशंटपर्यंत किती लवकर पोचली, याचा दरमहाचा तक्ता तिच्या या क्वेरीतूनच निघायचा. पण आज सकाळी डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली, आणि ती निघाली नव्या मास्तरासारखी कडक. गट पाडलेत एका रकान्यावरून आणि नाव मागताय दुसऱ्याच रकान्यातलं, हे चालायचं नाही, असं तिचं म्हणणं.

दुपारी मोठ्या बाईंची बैठक होती. सेवेच्या प्रमुख म्हणून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. सगळ्यात संथ केंद्र बंद करून तिथली गाडी आणि माणसं दुसरीकडे हलवायचं ठरलं होतं. कुऱ्हाड बाजारातल्या केंद्रावर पडणार हे उघड होतं. तक्त्यात ते कायम तळाला. पहिला नंबर रेल्वे फाटकापलीकडच्या केंद्राचा. तिथे तिचा दादा ड्रायव्हर होता. घरी जेवताना ती हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. दादा मान खाली घालून जेवत राहायचा. लाजाळूच तो.

तिने चहा बाजूला सरकवला आणि स्वतःचीच जुनी क्वेरी ओळ न् ओळ वाचायला घेतली. मग एका ओळीवर ती थांबली.

तिने गट पाडले होते ते फोन कुठल्या वस्तीतून आला त्यावरून. गाडी कुठून निघाली, हे क्वेरी विचारतच नव्हती. जुना डेटाबेस बिचारा भिडस्त. त्या वस्तीत गेलेल्या गाड्यांपैकी कुठल्याही एकीच्या केंद्राचं, बहुतेक वेळा त्या वस्तीला नेमलेल्याच केंद्राचं, नाव उचलायचा आणि सगळं श्रेय त्याला देऊन मोकळा व्हायचा. दादाचं केंद्र रुळांच्या पलीकडे, आणि त्याला नेमून दिलेली वस्ती अलीकडे. फाटक पडलं की त्या वस्तीत बाजारातली गाडी धावून जायची. शाबासकी जायची दादाच्या केंद्राला. तेवढ्यात बाजारात कुणी कोसळलं, तर तिथे लांबून कुठूनतरी गाडी यायची आणि उशिराचा ठपका बाजारावर.

तिने गट बदलले. गाडी जिथून निघाली ते केंद्र. लाल ओळ गेली. बाजारातलं केंद्र टुणकन उडी मारून पहिलं आलं. दादाचं तळाला गेलं. तिने पुन्हा चालवून पाहिलं. तेच.

"अजून अडलंय का?" शेजारच्या टेबलावरचा सर्व्हरवाला डोकावला. तो कायम घाईत. "अगं, डेटाबेसला सांग ना, कोणतंही एक नाव चालेल म्हणून! तसं फंक्शन आहे. एरर जाईल, तक्ता कालच्यासारखाच येईल. बैठकीपुरतं भागेल."

तिने तेही करून पाहिलं. खरंच, एरर गेली. दादा पुन्हा वर. वहिनीने केंद्राच्या मागेच हौसेने घर घेतलं होतं. खिडक्यांना पडदेसुद्धा नुकतेच लागले होते. कुणाला काही कळलं नसतं. तिचं बोट पाठवायच्या बटणावर गेलं.

मग तिला बाजारातल्या केंद्राचे ते मिशीवाले ड्रायव्हरकाका आठवले. तक्ता लागला की ते नजर चुकवून निघून जायचे. तिने ते फंक्शन खोडलं, खरा तक्ता जोडला, आधीचे तक्ते का चुकले ते खाली लिहिलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

बैठक संपवून मोठ्या बाई तिच्या टेबलापाशी आल्या. "फाटकापलीकडचं बंद," त्या म्हणाल्या. "तुमचा भाऊ आहे ना तिथे? तुम्हीच सांगा त्यांना."

ती जिन्यात गेली आणि फोन लावला.

"दादा, रागावू नकोस. तुमचं केंद्र बंद होतंय. पहिला नंबर खोटा होता. माझ्या क्वेरीत चूक होती, ती मी आज काढली."

मग दादा फोन बाजूला धरून कुणालातरी ओरडला, "अरे, सुटलो रे!" मागून टाळ्या आणि शिट्ट्या.

"सुटलो? आणि तुझं घर?"

"घराचं बघू गं. चिमणे, अर्ज करकरून हात दुखले माझे. केंद्र रुळांच्या अलीकडे न्या म्हणून. फोन येतो, माणूस तिकडे तडफडत असतो आणि आम्ही इकडे मालगाडीचे डबे मोजत बसतो. मोठ्या बाई दर वेळी तक्ता दाखवायच्या. म्हणायच्या, तुम्ही तर पहिले, तक्रार कसली करता?"

"मग मला का नाही बोललास?"

दादाने मागच्यांना गप्प केलं.

"तक्ता तू केलेला," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच घड्याळ चुकतंय."