डब्यातला जादा माल

डब्यात पैसे जास्त निघाले.

स्टोअरबाबूंनी पुन्हा मोजले. चष्मा पुसून मोजले. मग डबा पालथा करून बुडावर दोन टिचक्या मारल्या, जणू चूक डब्याचीच होती. महिनाअखेरची मोजणी. डब्यात फक्त चिल्लर उरायला हवी होती, आणि तीन नोटा जेवणाच्या टेबलावर पडून त्यांच्याकडे बघत होत्या.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढलेला माणूस. म्हणून तर घरीदारी सगळे त्यांना स्टोअरबाबू म्हणायचे. माल कमी भरला तर साहेब ओरडतो, हे ते पहिल्याच वर्षी शिकले होते. जास्त भरला तर त्याहून जास्त घाम फुटतो, हे नंतर कळलं. कमी मालाला उंदीर, गळती, चोरी अशी कारणं असतात. जादा मालाचं काय सांगणार?

निवृत्त झाल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर म्हणाले, "पोचवायला माल नसताना माणूस रस्त्यावर चालतो कशाला?" बायकोने कपाळावर हात मारून घेतला. आणि एका पहिल्या तारखेला सुनेने त्यांच्यापुढे बिस्किटांचा जुना डबा आणून ठेवला. आत महिन्याच्या किराणा-भाजीची रक्कम.

"बाबा, माझ्या हातून पैसा गळतो. या महिन्यात तुम्ही बघा. एवढ्यात भागवलंत तर डबा कायमचा तुमचा. नाहीतर मी आपली फोनवरून मागवत होते, तशी मागवीन."

रक्कम बघून ते मनात म्हणाले, पोरीला भावच ठाऊक नाहीत. तोंडाने मात्र म्हणाले, "भागेल की!" आजवर त्यांनी कुठल्याही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तेल महाग, म्हणून पुलापलीकडे. पुलापलीकडे कांदे ओले, म्हणून मोठ्या बाजारात. साबण तर भलतीकडेच. सकाळी पिशवी घेऊन निघायचे ते जेवायलाच उगवायचे. दुकानदारांशी भांडायचे, घरी येऊन त्या भांडणाची हकीकत तिखटमीठ लावून सांगायचे, आणि सांगता सांगता दोन घास जास्त खायचे. पावती आली की तारेला टोचायची. डब्याची मोजणी मात्र महिनाअखेर, एकदाच. मधेच मोजणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं, हा त्यांचा स्टोअरमधला बाणा.

पण डबा हलका झाला की हाताला कळतंच. शेवटच्या आठवड्यात तांदूळ संपले. त्यांना परत खिडकीजवळची खुर्ची दिसायला लागली. त्या दिवशी त्यांनी पेन्शनमधल्या दोन कोऱ्या नोटा गुपचूप डब्यात टाकल्या, त्याच काढून वाण्याला दिल्या, आणि तांदूळ घेऊन मान खाली घालून घरी आले. वाण्याशी भांडलेसुद्धा नाहीत.

त्या दोन नोटा तर गेल्या होत्या. मग या तीन कुणाच्या?

माल कुठून आला ते खोक्यावरून ओळखायची त्यांची सवय. ते एकेक नोट उजेडात धरून निरखू लागले. पहिलीला चार घड्या. बसच्या पैशांना अशी घडी फक्त सून घालते. दुसरी धुवून पांढरीफटक पडलेली. पँटच्या खिशात नोटा विसरून कपडे धुवायला टाकणारा दिवटा या घरात एकच, त्यांचा मुलगा. तिसरी अगदी सपाट, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हणजे कपाटातल्या कपड्यांच्या तळातून आलेली. बायको!

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलाने भिंतीवरचं घड्याळ निरखायला घेतलं. बायको पातेल्यात नको तितका वेळ डाव फिरवत राहिली.

"काय बाबा, जमलं का?" सुनेने विचारलं.

जमलं म्हणायला काय जात होतं? डबा समोर होता, पैसे शिल्लक होते. पण खोट्या मोजणीवर त्यांनी कधी सही केली नव्हती.

"नाही जमलं," स्टोअरबाबू म्हणाले. "मीच दोन नोटा पदरच्या घातल्या. आणि या तीन ज्याच्या त्याने उचला." एकेक नोट त्यांनी बरोबर ज्याच्या त्याच्या ताटाशी ठेवली आणि रिकामा डबा सुनेकडे सरकवला.

"आई, तूसुद्धा?" मुलगा म्हणाला.

"सुद्धा काय? तू घातलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

सून मात्र हसत होती. "बाबा, त्या रकमेत कुणाचंच भागलं नसतं. मुद्दामच कमी ठेवली होती मी."

"मुद्दाम? मला हरवायला?"

"हरवायचं असतं तर नोट कशाला घातली असती? तुम्हाला चालवायला, बाबा. पुरेसे पैसे दिले असते, तर कोपऱ्यावरून सामान आणून तुम्ही परत खुर्चीत. परवा डॉक्टर म्हणाले, रक्तदाब छान उतरलाय, रोज फिरता वाटतं? तर तुम्ही म्हणालात, छे हो, मला फिरायला वेळ कुठाय!"

बायको पदराआड हसते आहे हे स्टोअरबाबूंना न बघताही दिसलं. मग त्यांची नजर दाराशी काढून ठेवलेल्या बुटांवर गेली.

"आणि माझ्या बुटांच्या तळांना भोकं पडलीत," ते शक्य तितक्या रागाने म्हणाले, "ती कुठल्या खात्यावर टाकायची?"

सुनेने तिन्ही नोटा गोळा केल्या, डब्यात टाकल्या आणि डबा परत त्यांच्यापुढे ठेवला.

"यातून नवे घ्या. चांगले दणकट बघा हं, बाबा. पुढच्या महिन्याची रक्कम मी अजून कमी करणार आहे."