चौदा नंबरचा पट्टा

"मी विचारेन तेवढंच बोलायचं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन प्रशिक्षकाकडे वळवली.

पंचवीस वर्षं संगणकाच्या धंद्यात मुरून ते क्लबच्या खुर्चीवर आले होते. फुटबॉल म्हणजे एका चेंडूमागे बावीस अडाण्यांची धावाधाव, हे त्यांचं ठाम मत. सामना बघायला ते कधी मैदानाकडे फिरकलेच नाहीत. आजच्या सरावसामन्याआधी त्यांनी फर्मान काढलं होतं: मैदानात उतरणारा एकही माणूस छातीवर पट्टा बांधल्याशिवाय दिसता कामा नये. पट्टे आकडे पाठवत होते, अध्यक्ष ऑफिसात बसून ते वाचत होते. त्या आकड्यांवरून आज नवा कर्णधार ठरणार होता. निवड चुकली तर खुर्ची सोडेन, असं त्यांनी सभासदांना लेखी दिलं होतं.

"चौदा नंबर. नव्वद मिनिटांत अकरा किलोमीटर! धक्काबुक्की नाही, पाडापाडी नाही. याचं नाव कधी सुचवलंत?"

"नाही."

"का? गोल करत नाही म्हणून?"

"चेंडूला पायच लावत नाही तो."

"म्हणजे कोणी पास देत नाही. गटबाजी, दुसरं काय! तो कोणाच्या गटातला?"

"कोणाच्याच नाही."

"बघा! आणि पोरं ऐकतात त्याचं?"

प्रशिक्षकाने टोपी हातात फिरवली. "कुरकुरतात. पण ऐकतात."

"तीस वर्षं इथे नुसतं आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!"

"साहेब, एक सांगू? तो चौदा नंबरचा..."

"मी विचारलं?"

"नाही," म्हणून प्रशिक्षकाने टोपी डोक्यावर चढवली.

सभागृह भरलं होतं. मैदानावरून थेट आलेली मंडळी घामट कपड्यांत भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्षांनी माइक हातात घेतला.

"डोळ्यांवर विसंबणाऱ्यांचे दिवस संपले. यंत्राला वशिला कळत नाही. आज चौदा नंबरचा पट्टा ज्याने बांधला होता, त्या आपल्या नव्या कर्णधाराने पुढे यावं!"

मग गर्दीतून वाट काढत, गळ्यातली शिट्टी सावरत, ओशाळून पुढे आला तो सामन्याचा पंच.