मागचं अंगण

युगांडातल्या काम्पालाच्या वेशीबाहेरचं, सकाळपासूनचं हे तिसरं घर. म्हाताऱ्या नालोंगोचे गुडघे बोलायला लागले होते आणि दलाल कावेसाचं तोंड काही मिटत नव्हतं. तो फरशी दाखवत होता, नळ सोडून दाखवत होता. म्हातारी मात्र तडक मागच्या अंगणात गेली आणि काठीने माती उकरून बघू लागली.

“केळी झकास येतील, आजी!”

“केळीचं मला शिकवू नकोस. कागद कसला आहे ते सांग.”

“भाडेपट्टा. एकोणपन्नास वर्षांचा.”

“म्हणजे जमीन माझी नाही.”

“अहो, घर तुमचंच की!”

“मागेही घर आमचंच होतं. जमीन जमीनदाराची होती. त्याने ती विकली नि आम्हाला हाकललं.”

कावेसाला हसू आवरेना. “आजी, एकोणपन्नास वर्षांनी तुम्ही कुठे असणार आहात?”

“इथे.” तिने उकरलेल्या मातीत काठी रोवली. “माझ्या म्हाताऱ्याशेजारी. आधीच्या घरामागे, त्या जमिनीत त्याला पुरलं होतं. हाकललं तेव्हा त्याची हाडं उकरून दिराच्या मळ्यात नेली. तिथे पाहुण्यासारखा पडलाय बिचारा. त्याला माझ्या घरी आणायचंय.” ती पायरीवर टेकली. “एकदा पुरल्यावर आम्हा दोघांना पुन्हा कुणी उकरणार नाही, असा कागद असलेलं घर आहे का तुझ्याकडे? नसेल तर तसं सांग, बाबा. दमले मी.”