कळमेश्वरात मृत, मनीषनगरात हजर

"काकाजी, तुम्ही तर मेले," प्रीती सिस्टर म्हणाली.

मनीषनगरच्या दवाखान्यात खिडकीशी उभ्या असलेल्या दादाजींनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरे कोणी काकाजी नव्हते.

"कधी?"

"तीन मार्चले. टॅबवर दिसून राहिलं."

दादाजी मार्चमध्येच कळमेश्वरहून मुलाकडे राहायला आले होते. रक्तदाबाच्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते. डोकं गरगरत होतं. पण सरकारी टॅबमध्ये नोंद असल्याशिवाय गोळी नाही, आणि मेलेल्याला गोळी द्यावी असं कोणत्याच सरकारला वाटत नाही.

प्रीतीने कळमेश्वरच्या कौसल्या सिस्टरला फोन लावला. स्पीकरवर. रांग पुढे सरकली.

"काय करू वं?" कौसल्या म्हणाली. "पेशंट गाव सोडून गेला, असं बटणच नाही त्याच्यात. बरा झाला, नाहीतर मेला. बीपी काही बरं होत नाही. नाव तसंच राहू दिलं तर मले नोटीस, पेशंट काहून आला नाही म्हणून. मंग 'मेला' दाबलं. काकाजींच्या मोबाइलवर ओटीपी गेला, त्यांनी लगेच सांगितला."

सगळी रांग दादाजींकडे पाहू लागली.

"सिस्टरनं मागितला तर नाही कसं म्हणाचं?" दादाजी म्हणाले.

रांगेतले खोकले थांबले. जो तो उपाय सुचवू लागला. नवीन नोंद करा! आधार नंबर टाकताच टॅबने कळवलं, ही व्यक्ती मृत आहे. मोबाइल नंबरानं शोधा! प्रीतीने नंबर टाकला. चक्र फिरू लागलं. नेट गेलं. नेट आलं. कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

"सापडलं!" प्रीती जवळजवळ ओरडलीच. "अंजनाबाई! याच नंबरावर! जिवंत! गोळी तीच, डोस तोच!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. दादाजींनी नाही वाजवल्या.

"दोन वर्षं झाली माह्या बायकोले जाऊन," ते म्हणाले. "तेव्हाही असाच ओटीपी आला होता. मले सांगवलाच नाही."

टाळ्या थांबल्या.

"अन् मंग नोटिशीच्या भेवानं मीच दर महिन्याले अंजनाबाईंचं बीपी एकशेवीस-ऐंशी भरून राहिली," फोनमधली कौसल्या हळूच म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. "अवं प्रीती, काम झालं ना! नवराबायकोच्या नोंदीची अदलाबदल करायचं बटण आहे! एक मिनिटात काकाजी जिवंत, अंजनाबाई मेल्या!"

रांग पुन्हा उसळली. दाब, दाब! प्रीतीचं बोट पडद्यावर टेकणार, तोच दादाजींनी खिडकीतून हात घालून टॅब धरला.

"मले मेलेलंच राहू दे वं पोरी. गोळ्या तिच्याच नावावर दे. जितेपणी तिचं बीपी इतकं चांगलं कधीच नव्हतं."